कॉटखालचं भांडं

“ही पोरगी मुकी हाय का गं?”

मी मशीनच्या नळ्यांमधली हवा काढत होते. नळी सलाईनने भरायची आणि चिमट्याने टकटक करत राहायचं, म्हणजे बुडबुडे वर सरकतात आणि बाहेर पडतात. हवेचा मोठा बुडबुडा रक्तात गेला तर पेशंटच्या जिवावर बेततं, त्यामुळे हे काम कुणी घाईने करत नाही. ते करताना पाठ पेशंटकडे असते. पाठ वळली की माणसाला ऐकू येत नाही, असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक.

प्रश्न विचारणारी म्हातारी नवीन होती. तिच्या सुनेला नुकतंच वॉर्डमधून आणून आमच्या तीन नंबरच्या कॉटवर घेतलं होतं.

“मुकी नाय,” आमच्या सुशीलामावशी चादर खोचता खोचता म्हणाल्या. “इंग्लिश शाळेतली हाय.”

“मंग?”

“मंग काय! तिकडं बोलायला शिकवतात, पन इंग्लिशमंदी. आपल्याला काय उपेग?”

दोघी हसल्या. मी चिमटा जरा जोरात आपटला, तेवढाच माझा निषेध.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. बोईसरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या चार मशीनच्या खोलीत मी सहा वर्षं काम केलं. ते युनिट आता नव्या इमारतीत गेलं, चाराची बारा मशीन झाली, आणि मी पालघरला दुसरी नोकरी धरली. जुन्या खोलीत मोडक्या कॉट आणि सलाईनचे स्टँड ठेवतात म्हणे. आमच्या कॉलनीचा दिवाळी अंक काढणाऱ्या काकांचा फोन आला, “तुझ्या कामाबद्दल चार शब्द बोल, मुलाखत छापू.” मी हूं हूं करून फोन ठेवला आणि मेसेज पाठवला की लिहून देते. कुणी बोलायला सांगितलं की मी काहीतरी कारण काढून पळते. लिहायला मात्र आवडतं.

डायलिसिस म्हणजे काय, हे लग्नकार्यात मला सगळे विचारतात आणि माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत जेवायला बोलावणं येतं. म्हणून इथे सावकाश सांगते. रक्तातला कचरा आणि अंगातलं जादा पाणी बाहेर काढणं ही किडनीची मोठी कामं. किडनी बंद पडली की ती मशीनकडे येतात. रक्त एका नळीतून बाहेर येतं, हजारो बारीक तंतू भरलेल्या नळकांड्यातून फिरतं आणि दुसऱ्या नळीने परत अंगात जातं. कचरा मशीन आपलं आपण काढतं. पाणी किती काढायचं ते मात्र माणसाने ठरवायचं असतं, आणि ते ठरतं वजनावरून आणि लघवीवरून. मधल्या दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर दोन लिटर पाणी साठलं. लघवी होत असेल तर त्या मानाने कमी काढायचं. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. आमच्या धंद्यातलं शहाणपण बहुतेक एवढंच आहे. बाकी सगळं नळ्या धुणं.

म्हणजे डायलिसिस लावण्यापूर्वी प्रत्येकाला एक प्रश्न विचारावाच लागतो. माझी अडचण तिथे सुरू व्हायची. आमच्या घरी ह्या विषयाला नावच नव्हतं. शाळेत हात वर करून इंग्रजीत परवानगी मागायची, तिथेही नाव घ्यावं लागत नसे. ‘लघवी’ हा शब्द मी नोकरीत शिकले म्हटलं तरी चालेल, आणि तोही मास्कच्या आत म्हणायचे. पाड्यांवरून येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मग मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्यांच्या शब्दात तोच प्रश्न खणखणीत विचारायच्या, चारही कॉट हसायच्या आणि मला आकडा मिळायचा. मावशी मूळच्या पालघरजवळच्या माहीमच्या. त्यांना कसलीच लाज नव्हती आणि मला सगळ्याचीच होती. आमची जोडी त्यामुळे छान जमली.

त्या खोलीची मला अजून आठवण येते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची घरघर, जंतुनाशकाचा नाकात बसणारा वास, खिडकीतून दिसणारे एमआयडीसीकडे जाणारे टँकर. मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या सकाळी खिडकीजवळची एक नंबरची कॉट सातपाटीच्या हिराबाईंची. त्या पूर्वी मासळी विकायच्या. त्यांना मीठ बंद, तरी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन यायच्या. “आमाला बंदी हाय, तुमी तरी खा. मला निस्ता वास घेऊ द्या,” म्हणायच्या. दोन नंबरला कारखान्यात फिटर असलेले यादवजी. मी मशीनवर आकडा टाकायला लागले की ते मान उंचावायचे. “मैडम, आज जरा कम खींचना, पैर में गोला आता है।” त्यांनी चोरून प्यायलेलं पाणी आम्हाला वजनाच्या काट्यावर दिसायचं, पण त्यांचा चेहरा इतका निरागस असायचा की काट्याचाच संशय यावा.

हे आमचे कायमचे. त्यांच्या किडन्या परत उठणार नव्हत्या. दुसरे असायचे पाहुणे, म्हणजे ज्यांच्या किडन्या अचानक बसल्या असे. कुणाला साप चावलेला, कुणाला जुलाबांनी सुकवलेलं, कुणी अंगदुखीच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्लेल्या, आणि भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप झालेले. ह्या किडन्या मेलेल्या नसतात, त्यांना जबर मार बसलेला असतो. दोन-तीन आठवडे सांभाळलं तर त्यांतल्या बऱ्याच उठतात आणि पाहुणा घरी जातो.

पाहुणा घरी निघाला की आमच्याकडे एक रीत होती. ती हिराबाईंनी पाडली. स्टीलचा मोठा ग्लास काठोकाठ पाण्याने भरायचा आणि पाहुण्याने तो सगळ्यांच्या देखत, एका दमात प्यायचा. कायमच्यांना दिवसाला मोजून पाणी मिळतं, भर उन्हाळ्यातसुद्धा. ते आपापल्या कॉटवरून घोट न् घोट बघायचे. ग्लास रिकामा झाला की हिराबाई म्हणायच्या, “जा आता. परत येऊ नको.”

पाहुण्यांच्या किडनीत नेमकं काय होतं, ते मला आमच्या सरांनी शिकवलं. सर म्हणजे किडनीचे डॉक्टर. ते सोमवारी आणि गुरुवारी वसईहून यायचे. एकदा मशीन सुरू असताना त्यांनी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनाने एक गेट काढलं आणि गेटवर एक माणूस उभा केला.

“हा वॉचमन,” सर म्हणाले. “आपल्या पेशींवर असे वॉचमन असतात. रिसेप्टर. ह्यांना कुणी शिकवत नाही, जन्मतःच ड्युटीवर हजर. लस दिल्यावर शरीर शिकतं ती वेगळी फौज. ही माणसं अडाणी. त्यांना दहा-वीस खुणा पाठ असतात, तेवढ्यावर आयुष्य काढतात. जंतूच्या अंगावरचा रंग दिसला की सायरन. बरोबर?”

मी मान हलवली.

“आता गंमत. आत कारखान्यातच काही फुटलं. जंतू नाही, चोर नाही, नुसता रक्तपुरवठा तुटला आणि आपल्याच पेशी फुटल्या. पेशीच्या पोटातला माल बाहेर सांडला. वॉचमनने तो माल जन्मात बाहेर बघितलेला नाही. तो काय करेल?”

मी पुठ्ठ्यावर बोटाने सायरन दाखवला.

“बरोबर. मग आगीचे बंब येतात, पाण्याचा मारा होतो, आणि आगीने वाचलेलं पाण्याने जातं. किडनीच्या नळ्यांमधल्या पेशींवरसुद्धा हे वॉचमन बसलेत. म्हणून किडनीला पहिला मार बाहेरून बसतो आणि दुसरा घरातून.”

त्या रिसेप्टरांच्या एका घराण्याला टोल-लाइक म्हणतात, आणि त्यांना नंबर आहेत. आमचे सीनियर टेक्निशियन प्रकाशदादा त्यांना सरळ टोलनाकेच म्हणायचे. मला मात्र ह्या गोष्टीचं वेड लागलं. घरी जाऊन मी इंग्रजी लेख वाचायला लागले. इंग्रजीत मला कुणी हसत नसे. चार नंबरचा वॉचमन एरवी हुशार, पण लेप्टोच्या जंतूचा वेश त्याला नीट ओळखू येत नाही, तो दोन नंबरवाल्याला सापडतो, असलं वाचलं की मला एखादी गुप्त बातमी कळल्यासारखं व्हायचं. मग सायरनचीच वायर कापायची का? उंदरांमध्ये तसं करून किडनी वाचते, असं वाचलं होतं. माणसांसाठी तसलं औषध आमच्या कपाटात काही आलं नाही. सर म्हणायचे, ह्याच सायरनवर जंतूंशी लढणारे येतात आणि मागून दुरुस्तीवालेही, सगळंच बंद करून कसं चालेल? “आपल्या हातात एकच आहे. मार बसलेल्या किडनीला दुसऱ्यांदा मारायचं नाही. डायलिसिसवर पेशंटचा रक्तदाब पडला, की किडनीचा रक्तपुरवठा पुन्हा तुटला. पुन्हा सांडलवंड, पुन्हा सायरन.”

पालघरला डॉक्टरांची एक बैठक होती. सरांनी ह्या विषयावर मला स्लाइड करायला सांगितल्या, आणि बोलायलाही. स्लाइड मी पंधरा दिवस खपून केल्या. बोलायच्या दिवशी घसा बसला. खरं सांगायचं तर बसला नव्हता, मी बसवला. मग प्रकाशदादांनी त्या वाचल्या. निम्मे शब्द चुकीचे उच्चारले, मधे दोन विनोद केले आणि टाळ्या घेतल्या. मी शेवटच्या रांगेत बसून ओठांतल्या ओठांत उच्चार दुरुस्त करत होते.

त्याच वर्षी आवणीच्या दिवसांत जानी आली. सुरुवातीला जी म्हातारी मला मुकी म्हणाली तिची सून. मासवणच्या पुढे डोंगराकडे त्यांचा पाडा. वय पंचविशीच्या आतलं, घरी दोन वर्षांची मुलगी शेजारणीकडे ठेवलेली. चार दिवस ताप अंगावर काढून ती भात लावत होती. पोटऱ्या दुखून उभं राहवेना, डोळे लाल-पिवळे झाले आणि लघवी बंद झाली, तेव्हा तिचा नवरा काशिनाथ तिला घेऊन आला. लेप्टो. तापावर औषधं लागू पडली, कावीळ उतरली, पण किडनी उठेना. पहिल्या आठवड्यात लावलेली लघवीची नळी काढली, कारण ती जास्त दिवस ठेवली की तिच्यातून जंतू शिरतात. त्याऐवजी वॉर्डमधल्या तिच्या कॉटखाली प्लॅस्टिकचं एक मापाचं भांडं दिलं. जे होईल ते त्यात साठवायचं, सकाळी सिस्टर माप बघून चार्टवर लिहिणार. चार्टवर रोज एकच आकडा होता. शून्य.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी सरांनी काशिनाथला सांगितलं, “गुरुवारपर्यंत बघू. नाही झाली लघवी, तर डायलिसिसची गळ्यातली तात्पुरती नळी काढून छातीत दुसरी बसवू, ती महिनोन् महिने चालते. मग घरी जाता येईल, पण आठवड्यातून तीनदा इथे यायचं.”

काशिनाथ बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्यांच्या पाड्यावरून बोईसरला यायचं म्हणजे आधी चालत रस्त्यापर्यंत, मग दोन गाड्या. त्या परिसरातले असे कितीतरी जण मी बघितले होते. ते एक महिना येतात, मग आठवड्यातून दोनदा येतात, मग एकदा. मग येत नाहीत आणि आपण कुणाला विचारत नाही.

मंगळवारी जानीचं डायलिसिस होतं. चार्टवर शून्य, म्हणून कागदावर दोन लिटर पाणी काढायची ऑर्डर होती. मी वजन बघितलं. शनिवारी डायलिसिस संपवून गेली त्यापेक्षा ते अर्धा किलो कमीच होतं. पायावर सूज नाही, जीभ कोरडी, आणि सारखी तहान तहान म्हणत होती. दोन लिटर पाणी साठलंय कुठे? मी त्या आकड्यावर बोट ठेवून प्रकाशदादांना दाखवलं.

“वॉर्डचा काटा बोगस आहे,” ते म्हणाले. “चार्टवर शून्य आहे ना? मग पाणी जातंय कुठं? टाक दोन.”

मी दोन टाकलं. दीड तासाने जानीचा चेहरा मेणासारखा झाला, पोटरीत गोळा आला आणि रक्तदाब सत्तरवर. मी पाणी काढणं थांबवलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. दहा मिनिटांनी ती डोळे उघडून बघायला लागली. म्हातारी तिचे तळपाय घासत होती. मला फक्त पुठ्ठ्यावरचा वॉचमन दिसत होता. पुन्हा सांडलवंड. पुन्हा सायरन. आणि ह्या वेळी मार माझ्या बोटाने बसला होता.

रोज सकाळी सातला पाण्याचं यंत्र सुरू करायला मी मागच्या दाराने यायचे. तिथे बाहेर एक नळ होता. त्या आठवड्यात मी दोन-तीनदा ह्या म्हातारीला नळावर काहीतरी घासताना बघितलं होतं. मातीने घासायचं, विसळायचं, पदराने पुसायचं. आंघोळीचा मग असेल म्हणून मी पुढे गेले होते. बुधवारी ती अगदी दाराजवळ होती. तिच्या हातातल्या भांड्यावर लाल रेषा होत्या आणि रेषांपुढे आकडे.

मी थांबले.

“काय बघतंस?” म्हातारी म्हणाली. “सोच्छ हाय ना? तुमची वॉर्डातली मावशी भांडं दिलं त्याच दिशी माझ्यावर खेकसली, भरल्येलं भांडं कॉटखाली ठेवू नका, वास मारतो. तवापासनं एक दिस ठेवलं नाय मी. सिस्टर यायच्या आत धुऊन मोकळी. आन् सून कुनाची हाय? गड्यामान्सांदेखत तिचं भांडं तसंच ठेवायचं व्हय? सिस्टर विचारते, हाय का कायी. मी दाखवते, बघ, कायी नाय.”

तिने अभिमानाने भांडं उलटं करून दाखवलं. एक थेंबसुद्धा पडला नाही.

खरं तर तेव्हाच बोलायचं होतं. रोज किती होतं, कधीपासून होतं, एवढंच विचारायचं. माझ्या डोक्यात वाक्य तयारही झालं. पण ते आधी इंग्रजीत तयार झालं, मग मराठीत, मग तिला कळेल असा शब्द शोधेपर्यंत ती भांडं पदराखाली झाकून निघून गेली होती.

मग मी माझ्या पद्धतीने काम केलं. जानीच्या फाइलसाठी एक चिठ्ठी लिहिली. सुवाच्य इंग्रजीत, की लघवीचं माप पुन्हा घ्यावं, नातेवाईक ती फेकून देत असण्याची शक्यता आहे. खाली सही केली नाही. वॉर्डची सिस्टर जागेवर नसताना ती फाइलमध्ये खोचली आणि फार मोठं धाडस केल्यासारखी घरी गेले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी सांगायचं आहे ते निराळंच आहे. गुरुवारी सरांनी नळीही बसवली नाही आणि डायलिसिसही लावलं नाही. चोवीस तास थांबायचं ठरलं. सकाळपर्यंत ते भांडं तीनदा काठाशी आलं. मावशी स्वतः जाऊन माप बघून येत होत्या आणि आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहून आकडा ओरडून सांगत होत्या, जशी काही निवडणुकीची मतमोजणी. रक्तातला कचरा मशीनशिवाय उतरायला लागला. गळ्यातली नळी निघाली. मंगळवारचा फटका त्या किडनीने कसा सोसला मला माहीत नाही. माझ्या नशिबानं सोसला एवढंच म्हणते.

एका दुपारी म्हातारी मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, “माझ्यापायी झालं का गं हे? मीच तिला मारलं असतं का?” मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. तिला सांगितलेलं काम तिने चोख केलं होतं. भांडं का रिकामं, हे तिला इतक्या दिवसांत कुणी नीट विचारलं नव्हतं. त्या कुणीमध्ये मीही होते.

घरी निघताना जानीने हिराबाईंच्या हातून तो ग्लास घेतला. यादवजींचा घोट तिच्या घोटाबरोबर खाली उतरताना मी बघितला. ग्लास संपला, हिराबाई म्हणाल्या, “जा आता. परत येऊ नको.” काशिनाथने सगळ्यांना हात जोडले. म्हातारी दारापर्यंत गेली, वळली, आणि पाठमोऱ्या माझ्याकडे बोट दाखवून मावशींना म्हणाली, “मुकी नाय गं ही. निस्ती उशिरा बोलते.”

नव्या युनिटमध्ये भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत, आकडे आपोआप पडद्यावर चढतात असं ऐकते. पालघरलाही तसंच आहे. पाण्याच्या ग्लासाची रीत मी इथे एकदा काढून बघितली, पण इथे पेशंट पडद्यांआड असतात, कुणाला कुणी दिसत नाही. आता तो प्रश्न मी स्वतः विचारते, मास्कच्या बाहेर ऐकू जाईल असा. मावशींचा शब्द वापरते. बायका हसतात आणि आकडा सांगतात.

आता तो गुरुवार. राउंडला सर, सिस्टर, प्रकाशदादा आणि मागे मी. वॉर्डमधल्या जानीच्या कॉटशी सगळे थांबले. सरांनी फाइल उघडली. माझी चिठ्ठी रक्ताच्या एका रिपोर्टला पाठीमागून चिकटली होती. सरांनी रिपोर्ट उलटला, चिठ्ठी त्याच्याबरोबर उलटली. माझं सगळं धाडस त्या पानामागे गेलं.

“अजून शून्यच,” सर म्हणाले. “काशिनाथ, आज नळी बसवू.”

“नगं, सायेब.” काशिनाथने टोपी हातात धरली होती. “आठवड्यातनं तीन येळा नाय जमायचं आमाला. मी घरी नेतो हिला.”

“घरी नेलं तर काय होईल, माहीत आहे ना?”

“माहीत हाय.”

जानी छताकडे बघत होती. म्हातारी कॉटच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती आणि तिच्या शेजारी ते भांडं, घासून पुसून लखलखीत. सिस्टरने नळीच्या संमतीचा कागद मागे घेतला आणि दुसरा पुढे केला. काशिनाथने स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याच्या त्या कागदावर अंगठ्यासाठी शाईचा डबा जवळ ओढला. सरांनी फाइल मिटली आणि ते पुढच्या कॉटकडे वळले. माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होतं, व्याकरणासकट. त्याचं मराठी व्हायला वेळ नव्हता. लघवी हा शब्दसुद्धा आठवला नाही. मावशींचा शब्द आठवला, आणि माझा आवाज अख्ख्या वॉर्डला ऐकू गेला.

“सर, थांबा! ती मुतते! आजी रोज सकाळी ओतून टाकतात, मी डोळ्यांनी बघितलंय!”